महालक्ष्मीच्या साडीचा तुकडा

३ जून
तंजावूर फार आवडलं! सुंदरीमावशीने स्टेशनवरच गालांवरून हात फिरवला आणि सांगलीची पोर एवढी वाळकी कशी, असं अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं विचारलं. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं पुष्कळ, म्हणून इस्पितळाने मला घेतलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात आईबापांचे हात धुऊन घ्यायचे, गाऊन बांधायचा, काचेच्या पेटीपाशी न्यायचं, भोकातून हात घालून बाळाला कसं शिवायचं ते दाखवायचं. तमिळ येत नाही, दिवसभर हातवारे. नर्स कीर्तना म्हणते, मी गप्प बसले की लोकांना जास्त कळतं.

५ जून
श्रीहर्ष नावाचा नवा बाप आला. बायको महालक्ष्मी ओरत्तनाडूच्या इस्पितळात तापाने पडलेली, बाळ इथे. तिने बाळाला अजून पाहिलेलंही नाही. त्यांच्या घरी बाळाचं पहिलं कापड आईच्या जुन्या साडीचं असतं. तिने तो धुवून पांढरा पडलेला तुकडा दिवसभर छातीशी धरून धाडला होता. डॉक्टरही म्हणाले, ठेवा, आईचा वास ओळखीचा होईल.
माझ्या हातून तो फरशीवर पडला. पडलेलं कापड आत चालत नाही. सांगायला बाहेर गेले, तर श्रीहर्षने आधीच हात जोडले. माझी जीभ उचलेना. कमरेला खोचलेला माझा पांढरा रुमाल बाळाच्या गालाखाली सरकवला. तो तरी कुठला आलाय स्वच्छ! शी, रंजना!

८ जून
बाळ रुमालात नाक खुपसून झोपतं. कीर्तना म्हणाली, आईच्या वासाची जादू. महालक्ष्मी फोनवर रडली. तिच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, अक्का, माझ्या जागी तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते. मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!

११ जून
आज मी कक्षाबाहेर गेले की बाळ श्वास घ्यायचं विसरतं. यंत्र ओरडतं. मी परतले की सगळं ठीक. डॉक्टर म्हणतात, योगायोग.

१२ जून
ब्लाउज ओला. घाम नाही. दूध. मला — जिचं लग्नसुद्धा झालेलं नाही.
मावशीने पाहिलं. टॉवेल दिला, आणि जेवताना लांब बसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
श्रीहर्ष सांगत होता, महालक्ष्मीचं दूध आटलं. कधी, विचारलं. म्हणे, आज सकाळी —

१४ जून
महालक्ष्मी आली. मीच तिचा गाऊन बांधला. बाळ तिच्या छातीवर ठेवलं. त्याने मान वळवली. माझ्याकडे. निळं पडलं. तिनेच ते उचलून माझ्या हातात — आणि माझीच माफी मागितली. तिने! माझी!
सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. नाही सांगितलं.

१५ जून
कामावर गेले नाही. मी नसले तर बाळ आईला ओळखेल.

दुपारी
महालक्ष्मीचा फोन. बाळ तिच्याकडे शांत आहे. श्वास नीट, रंग नीट. डॉक्टर खूश. देवा, सुटले —
मग तिने हळूच विचारलं, अक्का, हे माझंच आहे ना? अंग ऊन आहे, डोळे उघडे आहेत, पण आत कोणी नाही असं का वाटतं?
इथे माझ्या कुशीत वजन आहे. दिसत नाही. इवलेसे ओठ. ओढतंय —
फोन चालूच आहे. चोखण्याचा आवाज तिलाही — विचारते आहे, तुमच्याजवळ कोणाचं बाळ —
तोंडाने सांगवत नाही. लिहून तरी —
महालक्ष्मी, ते कापड तुझं नव्हतं, ते मा