खिंडीचा बारमाही बेत

बाबा,

टायरमध्ये हवा भरून घ्यायला गेले आहे. चहा थर्मासमध्ये आहे. चष्मा शोधायला लागू नये म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय.

खिंडीत जाऊ म्हटलं की तुम्ही दर वेळी म्हणता, "हवा जरा निवळू दे." मी गेल्या काही वर्षांच्या हवामानाच्या नोंदी चाळल्या. तुमच्या मनासारखी हवा तिथे एकदाही पडलेली नाही! म्हणून बेतच बारमाही केलाय. आज बर्फात घसरगाडी, मग फुलांच्या दिवसांत पायवाट, उन्हाळ्यात तळ्याकाठी तंबू, आणि पावसात टपरीत बसून नुसतं धुकं बघायचं. आता सबबीला एकही ऋतू शिल्लक नाही.

आई म्हणाली, "हवेचं निमित्त गं. जन्मभर त्या खिंडीतून बस नेली, डोळ्यांपायी परवाना गेला. आता शेजारच्या सीटवर बसायचं त्यांच्या जिवावर येतं."

पण बाबा, वेळापत्रकापायी तिथे कधी खाली उतरता आलं नाही, असं तुम्हीच सांगता ना? मग खिंड तुम्ही तरी कुठे पाहिलीय!

आणि घाटात मी आज पहिल्यांदाच गाडी घालणार आहे. कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा, ते नकाशात लिहिलेलं नाही. मला भीती वाटतेय.

बूट दाराशी ठेवलेत. मी वर येणार नाही. खालूनच हॉर्न देईन, तुम्हाला अजिबात आवडत नाही तसा, लांबलचक. रागवायला तरी खाली या.

तुमची चिमणी