दोघींत दुसरा बोर्ड

३ मार्च

शाळेचा पिनाफोर आई नेहमी वाढत्या अंगाचा घ्यायची. ताईचाही, माझाही. सिस्टर आम्हाला गुडघ्यांवर बसवून घेर जमिनीला टेकतो का ते बघायच्या — आमचा तर लोळायचा! मग मधल्या सुट्टीत दोघी जिन्याखाली बसून जादाचा घेर पट्ट्यात खोचायचो आणि उगाचच हसत सुटायचो.

आज ते आठवलं, कारण मी सर्फबोर्डही तसाच मागितला. आजच्या मला नाही, पुढच्या वर्षीच्या, सरावलेल्या मला शोभेल असा. छोटा, निमुळता, पांढराशुभ्र.

बोर्ड बनवणाऱ्या बाईंच्या खोलीत ट्यूबलाइट छताला नाहीत, भिंतींना कमरेच्या उंचीवर आहेत. आडव्या उजेडात फोमचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. सगळीकडे पांढरी पूड, त्यांच्या भुवयांवरसुद्धा. म्हणाल्या, "इतक्या लवकर इतका लहान? जरा थांबा की." मी कसली थांबते! शेवटी म्हणाल्या, "बरं, न्या. वापरून बघा, मग बोलू."

४ मार्च

ताईचं तिकीट आलं. महिनाअखेरीस ती लेकाकडे जाणार, कायमची. फोनवर भाचा किती खूश! मीही खूश झाल्यासारखं केलं.

निवृत्त झाल्यावर दोघी सर्फिंग शिकलो ते एकाच फोमच्या बोर्डवर. नऊ फुटी, जाडजूड, म्हशीसारखा शांत. ती पाण्यात तर मी टॉवेल घेऊन काठावर, मी पाण्यात तर ती. एवढ्या वर्षांत एका लाटेवर दोघी एकदम कधीच नाही! जायच्या आधी एक तरी लाट दोघींची, असं ठरलंय. दुसरा बोर्ड त्यासाठीच.

७ मार्च

एकही लाट मिळाली नाही. खांदे भरून आलेत.

९ मार्च

आजही तेच. हात मारमार मारते, बोर्ड छातीखाली बुडतो, लाट खालून निघून जाते. ताई फोमच्या बोर्डवर बसून माझी वाट बघत राहिली. चांगल्या चांगल्या लाटा सोडल्या तिने माझ्यापायी.

घरी येताना म्हणाली, "रागावू नकोस, पण साबणाच्या वडीवर झोपल्यासारखी दिसत होतीस."

"सवय होईल हळूहळू."

"होईल गं. पण मी तेव्हा इथे नसेन."



११ मार्च

बोर्ड परत केला. मान खाली घालूनच गेले होते, पण बाईंनी चहा पुढे केला. "माझा पहिला लहान बोर्ड दोन वर्षं भिंतीला टेकून होता," म्हणाल्या.

त्यांच्याकडे एक वापरलेला निघाला. साडेसात फुटी, छातीपाशी भरपूर जाड, पुढून गोल. रंग फिक्कट हळदी, शेपटीपाशी डागडुजीचं ठिगळ. देखणा मुळीच नाही. घरी आणून हॉलमध्ये उशांवर ठेवला. ताईने मला त्यावर पालथं झोपवलं आणि स्वतः सोफ्यावर बसली. "मार हात. लाट आली. ऊठ!" उठले. "पुन्हा! किती आवाज करतेस उठताना!" खालच्या शेजारणीने घंटी वाजवली — कोणी पडलं का, म्हणून! ती नर्स आहे, बिचारी प्रथमोपचाराची पेटी घेऊनच आली होती. बघून इतकी हसली की शेवटी तिलाही बोर्डवर झोपून बघायचं होतं.

१५ मार्च

लाटा मिळाल्या! बोर्ड आपणहून पुढे सरकतो. पण ताई आणि मी काही एकत्र येईना. ती उठते तेव्हा मी पालथी, मी उठते तेव्हा ती पाण्यात.

२२ मार्च

समुद्र सपाट. चार दिवस असाच. ताईच्या बॅगा हॉलमध्ये आल्यात. रात्री तहान लागली की उठते, बॅगा ओलांडून जाते.

२६ मार्च

मिळाली!

गुडघ्याएवढीच लाट, काठावरच्या कोणी बघितलीही नसेल. ताई म्हणाली, "ही." मी हात मारले, शेपूट उचललं गेलं, उठले. उजवीकडे बघते तो ताई उभी! केस तोंडावर, तोंड उघडं. तिने हात पुढे केला, मी धरला. धरायचा नसतो, बोर्डवाल्या बाईंनी बजावलं होतं. दोघी धाडकन पडलो. वर आलो तेव्हा ती खोकत खोकत हसत होती, आणि मग रडायला लागली. "तिकडे समुद्र आहे," म्हणाली, "पण काठावर टॉवेल घेऊन कोण उभं राहणार गं?"

रात्र झाली तरी मनात तेच.

२८ मार्च

भाच्याला फोन केला. माझंही तिकीट काढलं.

शिलाई मशीन भाचीला, कपाटासकट. कुंड्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना, पण गुलाबाला रोज पाणी घालू नका म्हणून सांगायचं. घराची एक किल्ली धाकट्या दिरांकडे. फोमचा बोर्ड खालच्या नर्सला, तिला पहिले चार दिवस कमरेएवढ्याच पाण्यात न्या, असं बोर्डवाल्या बाईंना कळवायचं. ताईला दुसरा बोर्ड तिकडे गेल्यावर घ्यायचा.

हळदी बोर्ड कोणालाच नाही.