डावीकडे जागा नव्हती

ता. ३ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर माझा आवाज चढला, तू गप्प झालीस आणि दादानं मध्येच फोन काढून घेतला. म्हणून आज लिहिते. कागदावर निदान ओरडता येत नाही.

आईचं मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. मी अपघात वॉर्डातली नर्स. ट्रकनं चेपलेल्या गाड्यांतून माणसं कशी येतात ते मला कुणी सांगायला नको. म्हणूनच राहून राहून एक प्रश्न पडतो. ट्रक आपल्या लेनमध्ये शिरतोय हे तुला दिसलं होतं. डाव्या हाताला रस्त्याची कड होती. मग गाडी तिकडे का नाही घातलीस? ब्रेक दाबून जागच्या जागी का राहिलीस? दादा सांगतो, तूच चुकीच्या बाजूनं घुसलीस असं ट्रकवाला म्हणतोय. मला ते पटत नाही. पण तू काही बोलायलाच तयार नाहीस म्हटल्यावर मी काय समजू?

आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे टॅक्सीनं न्यायला हवं होतं. पन्नाशी उलटल्यावर तू गाडी शिकलीस याचं मलाही कौतुक होतं. पण हायवे म्हणजे घर ते तुझं तसबिरींच्या फ्रेमचं दुकान नव्हे.

राग आलाय, लपवत नाही. त्याच्याखाली लोभ शाबूत आहे, तेवढा शोधून घे.

तुझी,
धाकटी

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ओरडणं पोचलं. अक्षर इतकं देखणं आहे की निम्मा राग वाचता वाचताच गळून पडला.

आई बऱ्या आहेत. डाव्या हातानं जेवतात, सांडलं की माझ्याकडे पाहून मिश्कील हसतात. टाके निघाले. मुलगी नर्स आहे म्हणून आमच्या डॉक्टरांना औषधांवरून दटावतातही.

काय घडलं ते विचारलंस. मी डावीकडच्या लेनमध्ये होते. उजवीकडे लांबलचक मालट्रक, माझ्या जरासा पुढे. ट्रकच्या कुशीत रेंगाळायचं नाही, तिथली गाडी त्याच्या आरशात दिसत नाही, असं आमच्या शिकवणाऱ्या बाई रोज बजावायच्या. म्हणून मी वेग कमी करून मागे सरकतच होते. तेवढ्यात त्यानं इंडिकेटर दिला आणि लगेच आत यायला लागला. मी हॉर्न दिला, मागे पाहिलं, मागून येणारी बस बरीच लांब होती. ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग सरळ धरलं. ट्रकचं शेपूट आमच्या बॉनेटला घासत गेलं. आईंचा हात पुढे आपटला.

डावीकडे जागा नव्हती.

ट्रकवाला लगेच खाली उतरला. ही गाडी आली कुठून, असं सारखं विचारत होता. आता माझ्यावर ढकलतोय, त्यामागे मालकाची भीती असणार. पोलिसांना मी सांगितलं की न बघता आत आला ही चूक त्याचीच. पण इंडिकेटर दिला होता आणि तो पळून गेला नाही, हेही लिहून घ्या.

रजा मिळाली तर ये. आईंना तू हवी आहेस, आणि मला कुणीतरी भांडायला.

तुझी,
वहिनी

ता. २५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

परवा तुमच्याकडे येऊन गेले आणि जे बोलायचं तेच राहिलं. म्हणून पुन्हा कागद.

तू दुकानात होतीस तेव्हा दार वाजलं. एक तरुण नवरा-बायको, कडेवर मुलगी, हातात संत्र्यांची पिशवी. आईला भेटायला आलेत म्हणाले. मला वाटलं शेजारी असतील. बाई बसल्या बसल्या सांगायला लागली. त्या दिवशी मोटरसायकल पंक्चर झाली म्हणून ते रस्त्याच्या कडेला थांबले होते. नवरा चाक काढत होता, ती लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पाठीमागे कठडा, पळायलाही वाट नव्हती. तिनं ट्रक वळताना पाहिला, तुझी गाडी पाहिली, आणि लेकीला पोटाशी धरून डोळे मिटून घेतले. नवऱ्यानं मात्र उघडेच ठेवले होते. तो म्हणाला की गाडीचं नाक तसूभरही त्यांच्याकडे वळलं नाही.

मुलगी संत्रं सोलत बसली होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले, ती बराच वेळ बाहेर आले नाही.

आईला हे पहिल्यापासून माहीत होतं. तूच तिला सांगू नको म्हणालीस; धाकटी आधीच रागावलीय, आता खजीलही होईल म्हणून. वहिनी, मी झालेच खजील, आणि बरं झालं. संध्याकाळी तू आलीस, चहा केलास, माझ्या बदलीची चौकशी केलीस आणि मी कपात बघत राहिले.

ट्रक अंगावर येतो तेव्हा हात आपोआप लांब पळतात. माझ्या वॉर्डातले निम्मे लोक हेच सांगतात. तुझे हात जागचे हलले नाहीत. काल ड्युटीवर मी हे सगळ्यांना सांगितलं, आणि ही माझी वहिनी आहे हेही, दोनदा.

दादा म्हणतो, गाडी दुरुस्त होऊन दारात उभी आहे आणि तू किल्लीला शिवत नाहीस. असं नको करूस गं.

माझ्यावर जीव आहे तसाच ठेव, मी आता त्याला जपेन.

तुझी,
धाकटी

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दोनदा सांगायची गरज नव्हती. मी काही विचारबिचार केला नाही. कडेला ते लेकरू दिसलं आणि हात तिथेच थिजले.

एक चांगली बातमी. मागच्या बसमध्ये कॅमेरा होता. त्यात सगळं स्वच्छ दिसलं आणि चूक ट्रकची ठरली. ट्रकवाल्यानं ते पाहिलं, जबाब बदलला, आणि चौकीबाहेर येऊन माझी माफी मागितली. मी त्याला म्हटलं की चूक कोणाची हे ठरेपर्यंत आपण दोघं जिवंत राहिलो, हे काय थोडं झालं?

किल्लीचं मात्र खरं आहे. हातात घेतली की तळव्याला घाम सुटतो. फ्रेम सध्या टेम्पोनं पाठवते. चिडू नकोस, प्रयत्न करीन.

तुझी,
वहिनी

ता. १७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

प्लास्टर निघालं. अक्षर गिचमिड आलंय, समजून वाच.

हॉस्पिटलात जायला दादानं टॅक्सी बोलावली होती. मी ती परत पाठवली आणि जाऊन सरळ आपल्या गाडीत बसले. तुझी वहिनी दारात उभी राहून विनवायला लागली. मी तिला म्हटलं की मला या गाडीत काही झालं म्हणून लोक हळहळतात, पण ही गाडी तू चालवत होतीस म्हणून मी ते ऐकायला जिवंत आहे.

मग ती बसली. हायवेवर तिच्या कपाळावर घाम होता. पुढे एक ट्रक डुलत चालला होता. ही त्याच्यापासून लांबच राहिली. येताना तिनं चहाच्या थांब्यावर गाडी घेतली, खाली उतरली आणि गाडीला टेकून रडली. मी रडू दिलं. तोंड धुऊन आली तेव्हा मीच विचारलं की घरी टॅक्सीनं जाऊ या का. नाही म्हणाली.

आरसे पाहिले. मान वळवून मागे पाहिलं. एक मोठा ट्रक येत होता, तो आधी जाऊ दिला. त्याच्यामागचाही जाऊ दिला. माझ्या मनात आलं, चल ना गं आता. पण रस्ता मागपर्यंत मोकळा दिसला तेव्हाच तिनं गाडी हलवली, आणि मग मात्र अशी चालवली की मला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा घर आलं होतं आणि ती, मला उठवायचं नाही म्हणून, गाडी बंद करून नुसती बसून होती.

तुझी,
आई