पुस्तकात नसलेलं काडतूस

अण्णा, तुमच्या रायफलीत नेमकं कुठलं काडतूस जातं, एवढं सांगून गेला असतात तर माझ्या डोक्याचा असा भुगा झाला नसता. आई गेल्यापासून ती कोल्हापुरातल्या बंदूकवाल्याकडे जमा आहे आणि धाकटीला ती स्वतःच्या नावावर करून हवी आहे. परवान्यावर ३१५ बोअर लिहिलंय. पण बंदूकवाल्याने ३१५ चं काडतूस घालून पाहिलं तर ते अर्ध्यातच अडतं, आणि नळीवर मापाचा छाप नाही. परवाना आणि नळी जुळली नाही तर रायफल पोलिसांच्या मालखान्यात जाणार आणि तिथून तुकडे होऊन भंगारात. "दादा, तू इंजिनिअर ना, मग सांग काय ते," असं धाकटी फोनवर म्हणाली. बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला जगातली सगळी भोकं ओळखीची असतात, असा तिचा समज आहे.

सिंगापुरात बंदुकीचं नाव काढायचीही सोय नाही. म्हणून बंदूकवाल्याने युक्ती केली. काडतूस बसतं त्या पोकळीला, म्हणजे चेंबरला, आतून तेलाचा हात फिरवून त्यात वितळलेलं गंधक ओतलं. गार झाल्यावर निघालेला पिवळा ठसा बिस्किटाच्या डब्यात कापसात गुंडाळला आणि इथे बोटीवर चढायला येणाऱ्या एका ओळखीच्या खलाशाबरोबर पाठवून दिला. आता तो बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पडलाय. तुमची नात नाक धरून म्हणते, "बाबा, सो स्मेली लाह! व्हाय पुट हिअर?" तिला काय सांगू? तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही.

दुपारच्या सुट्टीत मी बोटदुरुस्तीच्या यार्डाच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर घेऊन बसतो, शेजारी लायब्ररीतून आणलेलं काडतुसांच्या मापांचं पुस्तक. ठशाचा मागचा भाग ३१५ पेक्षा किंचित फुगीर निघाला आणि पुढची मान चांगलीच बारीक. पान उलटून उलटून बोटं दुखली, पण असं काडतूस पुस्तकात कुठेच नाही. मी रोज सिलिंडर मोजतो, अण्णा. आमच्यात ड्रॉइंग म्हणजे देववाक्य. माप ड्रॉइंगपेक्षा मोठं आलं तर धातू झिजला, कमी आलं तर कार्बन बसला. तिसरं काही आम्हाला सुचतच नाही. मी धाकटीला ऐटीत सांगून टाकलं, "मागे झीज आहे, पुढे कार्बन. त्याला म्हणावं, भोक मोठं करायचा रीमर फिरवून मान मोकळी कर, ३१५ बसेल." दुसऱ्या दिवशी ठसा दिव्याखाली फिरवताना दिसलं की ती बारीक मान काचेसारखी गुळगुळीत आहे आणि मान सुरू होते तिथल्या खांद्याची कड सगळीकडून सारखी धारदार. कार्बन असा कधी बसत नाही. यार्डाच्या गेटवरच्या फोनवरून कोल्हापूर लावलं आणि ओरडलोच, "थांबव त्याला! हात लावू देऊ नकोस!"

"अरे, तो आजच करणार होता. तूच म्हणालास ना?"

"चुकलो मी. ते मुद्दाम केलंय कुणीतरी."

कुणीतरी म्हणजे तुम्हीच. ३१५ चं पितळी कवच घ्यायचं, त्याचं अंग किंचित फुगवायचं, मान आवळायची, त्यात बारीक, हलकी गोळी बसवायची आणि नळीही तशीच करून घ्यायची. अशा घरगुती काडतुसाला नाव असतं ते करणाऱ्याच्या तोंडी, पुस्तकात नाही. गोळी हलकी, तेव्हा खांद्याला धक्का कमी. हे लक्षात आलं आणि मी वर्कशॉपमध्ये वेड्यासारखा एकटाच हसलो. कारण मला तो उसाचा बांध आठवला. रानडुकरं हाकायला तुम्ही मला नेलं होतं, माझ्या हातात रायफल दिली होती, आणि एका बारात माझा खांदा काळानिळा झाला होता. तुम्ही खांदा चोळत म्हणालात, "थांब, तुझ्याजोगी करून घेऊ." केलीत तर! मला न सांगता केलीत. त्या आनंदात मी चार माणसांना कॉफी पाजली.

मग धाकटी पुन्हा दुकानात गेली आणि तिथूनच तिने फोन लावला. बंदूकवाल्याने लाकूड उतरवून पाहिलं होतं. नळीच्या पोटाशी कारागिराची खूण आणि साल आहे, मी पहिल्या बोटीवर चढलो त्याच्या पुढचं साल. त्याच वर्षी तुम्ही गेलात. मागचं लाकूड कापून आखूड केलंय आणि गाल टेकायचा उंचवटा उलट्या बाजूला आहे, डाव्या खांद्यावर धरणाऱ्यासाठी. घरात डावखुरी एकच, अण्णा, धाकटी. स्वयंपाकघरात पाटावर बसून ती डाव्या हाताने घास घ्यायची आणि तुम्ही तिच्या हातावर फटका मारायचात, "उजव्या हाताने जेव." पार तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याच तुम्ही गुपचूप कारागिराकडे जाऊन तिच्या डाव्या खांद्याचं लाकूड घडवून घेतलंत? मला तुमचा काही थांग लागत नाही. तेव्हाही लागत नव्हता.

बंदूकवाला म्हणतो, मोजलेलं माप परवान्यावर दुरुस्त करून मागू, साहेब बहुतेक ऐकतील. ते होईल. पण फोनवर धाकटी मध्येच थांबली. म्हणाली, "मी आत्ता खांद्याला लावून बघितली रे. आखूड पडते, पण गाल अगदी बरोबर बसतो. दादा, ही कुणासाठी केली असेल अण्णांनी?"

मी म्हणालो, "तपासून सांगतो."

हे पत्र जाणार कुठे, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. तिला सांगेन, नक्की सांगेन. फक्त आणखी थोडे दिवस ती रायफल माझ्यासाठी केली होतीत असं मला वाटू द्या.