तिसऱ्या दिवसाचा घाट

प्रिय नूतन,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. हे पत्र रघुवीर सर पुण्यात सरावाच्या वेळी स्वतः तुझ्या हातात देतील. फाडण्याआधी वाच.

परवा सर हिर्डोशीला आले होते. म्हणाले, सायकलवर असा घाट चढणारी मुलगी मी दहा वर्षांत पाहिली नाही. माझा ऊर भरून आला. मग म्हणाले, पण सात दिवसांची शर्यत आहे, रोज नवा टप्पा. खरा कस तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागतो. ते ऐकून मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे ठेवलं. बाकीच्या बायका त्यावर दूध लिहितात, मी तुझा घाट लिहिते. तू माथ्यावर पोचलीस की तिथल्या टपरीतून धनाजी मिसकॉल द्यायचा आणि मी मिनिटं टिपायची. शेजारची धोंडाबाई हसायची, "घाटाचा रतीब लावलास व्हय गं?"

सरांनी बोट फिरवलं. पहिला दिवस बेचाळीस, दुसरा त्रेचाळीस, तिसरा सत्तावन्न. लागोपाठ चढलीस की दर वेळी तेच. मला आधी का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. मी धरून चालले होते की तू पाळीमुळे दमतेस, आणि पुरुषमाणसाला ते कसं सांगायचं? वाचनालयातली आरोग्याची चार पुस्तकं वाचून मी स्वतःला शहाणी समजत होते. अशक्तपणा म्हणून तुला नाचणीची आंबील पाजत राहिले.

पण गेल्या महिन्यात धनाजीने तुला टेम्पोतून आणून सोडलं तेव्हा पाळी नव्हती. ओठ काळेनिळे पडले होते. तू म्हणालीस, "आये, सरांना सांगितलंस तर माझी शपथ हाय." तसे ओठ मी एकदा पाहिलेत. तुझे आण्णा भाताचा भारा घेऊन बांध चढताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. एकोणचाळीस वर्षांचे होते. सगळे म्हणाले, ऊन लागलं. अकरा वर्षं मीही तेच म्हणत आले. कार्तिकात कसलं ऊन लागतंय, नूतन?

तुझी शपथ मी मोडली. सरांना ओठांचंही सांगितलं आणि आण्णांचंही. शर्यतीच्या यादीतून तुझं नाव मीच काढायला लावलं, त्यांच्यावर रागावू नकोस. गुरुवारी सकाळी दहाला पुण्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. पहिल्या एसटीने येऊन मी दवाखान्याच्या दारात उभी राहीन. पाया पडते तुझ्या, ये. तपासून घे, मग हवं तर माझ्याशी बोलू नकोस. न बोलता का होईना, डोळ्यांसमोर राहा.

तुझीच,
आई