सात नंबरचा उंदीर

गुरुवार, संध्याकाळ

सात नंबरचा उंदीर आज पोहलाच नाही. पुन्हापुन्हा छोटे स्ट्रोक आल्यावर स्मरणशक्ती कशी जाते, ते बघायला आम्ही तळोज्याच्या लॅबमध्ये उंदरांना तसेच स्ट्रोक आणतो आणि मग पाण्याच्या टाकीत सोडतो. पाण्याखाली लपवलेली पायरी मिनिटभरात सापडली नाही, की मी हात घालून त्यांना उचलते. आज हा नुसता तरंगत माझ्या हाताकडे बघत राहिला. सर म्हणाले, "विसरला. लिहा." लिहिलं. पण पायरी विसरला, की हाताची सवय लागली? विसरलाच असेल, तर हात बरा लक्षात राहिला!

सासूबाईंनाही तीन स्ट्रोक येऊन गेलेत. त्या स्वयंपाकघरात काही शोधायला लागल्या, की उठून हातात देणारी मीच. आणि डॉक्टरांना "त्यांना काही आठवत नाही" सांगणारीही मीच.

आज रोडपालीला घरी आले आणि मुद्दाम बसून राहिले. त्यांनी मिठाचा डबा उघडला, रव्याचा उघडला, मग चहापावडरीचा. दोघींचा चहा टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गो, आज तुजा हात दुखतंय काय?"