कोपऱ्यातला कॅमेरा

२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

शेवटच्या वर्षाच्या माहितीपटासाठी मी तुमचंच वेताच्या खुर्च्या विणायचं दुकान निवडलंय. पास-नापास त्याच्यावरच, म्हणून नीट वाच. माहितीपटाच्या तऱ्हा अनेक. कोणी भारदस्त आवाजात निवेदन करतं, कोणी प्रश्न विचारून माणसांना बोलतं करतं, कोणी स्वतःच कॅमेऱ्यासमोर मिरवतं. माझा कॅमेरा मात्र कोपऱ्यात गप्प बसून घडेल ते टिपणार. सरांचा दंडक असा, की एक तऱ्हा घेतली की शेवटपर्यंत तीच. तेव्हा मी तिथे नाहीच असं समजा. चहा विचारायचा नाही, माझ्याकडे बघायचं नाही. काकांना बजावायला नको, त्यांच्या तोंडाला एरवीही कुलूपच असतं. लहानपणापासून मला वाढवलंत, आता एवढं एक पदरात घाला.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
ठकी

२१ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तू नाहीस असं समजायला सांगितलंस, आम्ही समजलो. चहा दोनच कप केला. तू भिंतीशी ताटकळत उभी आणि मी तुझ्यादेखत बिस्कीट बुडवून खाल्लं. अगदी जिवावर आलं, पण खाल्लं.

पुढचं कुणाला ठाऊक होतं! विणता विणता तुझ्या काकांनी तोंड उघडलं. म्हणाले, ठकी शिकायला गेल्यापासून दुकान खायला उठतं. वेताच्या जुड्या बोळात ठेवतो तिथे ओल येते, त्या तिच्या खोलीत ठेवता येतील, पण हात धजत नाही; पोर अवचित आली तर निजेल कुठे? त्यावर तू कॅमेऱ्यामागे हुंदका दिलास आणि मी सगळे नियम विसरून उठले. तुला कुशीत घेतलं तेव्हा कॅमेऱ्यापुढे नुसता माझा खांदा आला असणार. माझ्यापायी नापास होशील का गं? हवं तर पुन्हा काढ. या खेपेला स्वतःला खुर्चीला बांधून घेते.

जीव टांगणीला लागलेली,
मावशी

९ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सर म्हणाले, हुंदका काप, खांदाही काप. कापला. उरली ती खुर्च्यांची जाहिरात! मग सगळं जिथल्या तिथे परत लावलं आणि परीक्षकांपुढे बसले. तुझा खांदा आला, पडदा काळा झाला आणि तुझं नाक ओढणं सगळ्या सभागृहाने ऐकलं. मागच्या रांगेत कोणीतरी तुझ्याबरोबर ओढलं. परीक्षक बाईंनी विचारलं, ही कोणती तऱ्हा? मी सांगितलं, हुंदक्यापर्यंत माझी, पुढे मावशीची. मावशी, मी पास झाले! सरांनीही हात मिळवला, तोंड जरा आंबट करून.

तुमच्या कौतुकाला हपापलेली,
ठकी

१५ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवलं, कोणी मागितलं नसताना. आनंदाने मला काही सुचत नव्हतं. काका मान खाली घालून विणत होते, पण वीण चुकली आणि सगळी उसवावी लागली.

संध्याकाळी मी त्यांना छेडलं, की एरवी मुके, त्या दिवशी बरी वाचा फुटली! तर म्हणाले, ठकीने समोर बसून विचारलं असतं तर एक अक्षर निघालं नसतं. ती नाही असं समजायचं होतं, म्हणून तिला सांगता आलं. हे लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. खोडायला सांगितलं नाही.

दोघांच्या वतीने तुझीच,
मावशी